दोन मार्सेलिनो

९ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दहाला गिरणीवाल्यांची प्रेसेनमावशी काठी आपटत आली आणि खुर्चीत न बसताच म्हणाली, "माझा बाप काढून दे."

"कुठून?" मी विचारलं.

"दोन ठिकाणांहून. आधी खड्ड्यातून, मग कागदातून."

वंशावळी काढणं हा माझा जोडधंदा. पोट भरतं ते वेस्काच्या दैनिकावर. त्यात मी लार्बिएल आणि आसपासच्या नऊ गावांची बर्फवृष्टी, रानडुकरं आणि मृत्यू यथासांग कळवतो. पाद्री घडवणाऱ्या सेमिनारीत सात वर्षं घोकलेलं लॅटिन मात्र जोडधंद्यातच उपयोगी पडलं, कारण जुनी चर्चची पुस्तकं त्याच भाषेत कुजतात. गिऱ्हाइकं बहुधा अर्जेंटिनाची. त्यांना पूर्वज सरदार हवा असतो. मी मेंढपाळ काढून देतो. चर्चच्या पायरीवर सोडून दिलेलं पोर निघालं तर ते विशेषणासह, सुवाच्य अक्षरात.

मावशी सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिचा बाप मार्सेलिनो लानास्पा एस्कार्तिन. यादवी युद्ध पेटलं त्या छत्तीस सालच्या चौदा ऑगस्टला खालच्या शहरातून बंडवाल्यांचा ट्रक आला, चार माणसांना घेऊन स्मशानाच्या भिंतीपाशी गेला आणि रिकामा परतला. मावशी त्यानंतर दोन महिन्यांनी जन्मली. आता एक संस्था तो खड्डा उकरणार आहे. मावशीला बापाची हाडं आईच्या शेजारी ठेवायची आहेत.

अडचण एवढीच, की कागदावर तिचा बाप एकोणऐंशी साली अंथरुणात मेला.

"मी गेले होते त्या मयताला," ती म्हणाली. "थुंकायला."

आमच्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लानास्पांच्या दोन भावांनी एस्कार्तिनांच्या दोन बहिणींशी एकाच दिवशी लग्न केलं. आडनावं बापाचं एक, आईचं एक. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव. त्यामुळे एकोणीसशे पाच साली तीन आठवड्यांच्या अंतराने दोन मार्सेलिनो लानास्पा एस्कार्तिन जन्मले. आडनाव काय, पोस्टमनसाठी असतं. खरं नाव घराचं. एक गिरणीवाला मार्सेलिनो, दुसरा विणकराचा. मलाही एवारिस्तो ओलिवान म्हणून फक्त बँक ओळखते. गावाला मी कारकुनाचा. माझे आजोबा बेनिग्नो अडतीस वर्षं ग्रामसभेचे कारकून होते. मला त्यांनीच वाढवलं.

"तू करशील ना?" मावशीने जाताना विचारलं.

"करीन की. सोपं दिसतंय."

"हो," ती म्हणाली. "तुला सोपं आहे."

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी. ग्रामसभेची किल्ली बारमध्ये खिळ्यावर टांगलेली असते, त्यामुळे सुट्टीचा फरक पडत नाही.

जन्माच्या पुस्तकात दोघे सापडले. मृत्यूच्या पुस्तकात एकेचाळीस सालची, उशिरा केलेली नोंद: 'मार्सेलिनो लानास्पा एस्कार्तिन, आंतोनियोचा मुलगा, ऑगस्ट १९३६ मध्ये रक्तस्रावाने मृत.' आंतोनियो म्हणजे विणकर. म्हणजे कागदोपत्री मेला तो विणकराचा, आणि प्रत्यक्षात मेला गिरणीवाला. रक्तस्राव हे मात्र खरंच आहे. गोळ्यांनीही तो होतो.

अक्षर आजोबांचं. किती देखणं. 'ल'चा वरचा फाटा जणू कमानच.

मला उलगडा झाला तो असा. ट्रकवाल्यांना विणकराचा हवा होता. तो मजूर संघटनेचा चिटणीस. यादीत नुसतं नाव, घर नाही. गल्लत झाली आणि गिरणीवाला मारला गेला. विणकराचा पाच वर्षं माळ्यावर लपून होता. आजोबांनी त्यालाच मृत नोंदवला, म्हणजे तो कागदावर जिवंत राहिलेल्या चुलत भावाचे कागद घेऊन खाली उतरू शकला. गिरणीवाला कुणालाच नको होता. एका ओळीत एक जीव वाचवला. असे कारकून आता होत नाहीत.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

खालच्या शहरात जमिनीची दफ्तरं पाहिली. बेचाळीस सालचं खरेदीखत. गिरणीवाला मार्सेलिनो, म्हणजे मेलेला, म्हणजे त्याचे कागद बाळगणारा विणकराचा, याने पती या नात्याने असलेल्या अधिकारात गिरणी विकली. कुणाला? विणकराच्या 'विधवे'ला. स्वतःच्याच बायकोला. इतकं सुंदर खरेदीखत मी आयुष्यात वाचलं नाही.

संध्याकाळी मावशीला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली.

"माझी आई ओब्दुलिया कागदावर सवाष्ण होती ना. काळं नेसायची तर ठाण्यातले गार्ड विचारायचे, कोण मेलंय बाई? दुसरं लग्न करायची सोय नाही, गिरणीवर हक्क नाही. नवऱ्याने विकली म्हणजे विकली. विणकराचा दोन गार्ड घेऊन आला घर रिकामं करायला. आईने चौकट धरली. मी तिच्या परकराला धरून. त्याने जात्याला टाकी लावायची हातोडी उचलली आणि तिच्या मनगटावर घातली. एकदा नाही. तिसऱ्या घावाला सुटला हात. आवाज मला अजून येतो, ओली फांदी मोडते तसा."

"गार्ड काय म्हणाले?"

"म्हणाले, नवराबायकोचं भांडण आहे, आम्ही लिहून घेत नाही."

त्याच दिवशी, त्याच नोटरीपुढे, त्याच विकणाऱ्याने गिरणीखालची बाग बेनिग्नो ओलिवान यांना 'केलेल्या सेवेबद्दल' दिल्याचंही एक खत आहे. हीच आमची नासपतीची बाग. आजोबा सांगायचे की खडकाळ तुकडा होता, कुणी घेत नव्हतं. गिरणीचा पाट तिच्यातून जातो हे खरं, पण पाट काय, कुठूनतरी जायचाच.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

नाक मोडलं. पत्रकारितेच्या तीस वर्षांत प्रथमच.

बारमध्ये कॉफी घेत होतो. विणकराच्या मार्सेलिनोचा मुलगा गिनेस शेजारी येऊन उभा राहिला. वय एकाहत्तर, खांदे अजून बैलाचे. गिरणी आता त्याची आहे. तिथे त्याने पाहुण्यांसाठी सात खोल्या काढल्यात.

"कारकुना," तो म्हणाला, "म्हातारीचं काम घेतलंस म्हणे."

"घेतलं. तुझंही करू का? सवलत देईन."

"माझं काय करशील? सांग बघू माझं नाव."

"गिनेस बेस्कोस लाकास्ता."

"दोन्ही आईची. का?"

मला माहीत होतं का ते. त्याची आई कागदावर विधवा, बाप कागदावर दुसरीचा नवरा. जन्मनोंदीत बापाच्या जागी आडवी रेघ आहे. ती रेघ आजोबांनी पट्टी लावून सरळ मारली आहे.

"शाळेत मला काय म्हणायचे माहितेय?" तो म्हणाला. "घरी येऊन बापाला विचारलं, की बाबा, मी कुणाचा. त्याने पट्टा काढला. बकलाकडून. तो कुठे बसला ते अजून दाखवू शकतो तुला. बापाचं नाव मिळालं नाही, पण गिरणी मिळाली. आता ती पण काढून घेणार तू?"

"गिनेस, मी फक्त पुस्तकं वाचतो."

त्याने माझी मान मागून धरली आणि तोंड संगमरवरावर आपटलं. दोनदा. पहिल्यांदा कप फुटला, दुसऱ्यांदा नाक. जिभेवर कॉफी आणि रक्त एकदमच आलं. बारवाल्या सातुर्निनोने माझ्या चेहऱ्याभोवतीचं काउंटर पुसून घेतलं आणि म्हणाला, "मी मागच्या खोलीत होतो बरं का. कुणी विचारलं तर."

२६ ऑक्टोबर, गुरुवार

खड्डा उघडला. नाकात बोळे, त्यामुळे मातीचा वास आला नाही. हे बरंच झालं.

नेरेआ म्हणून एक बिल्बाओची मुलगी आहे, हाडांची जाणकार. चौघे एकमेकांवर फेकलेले. तिघांची ओळख पटली: एकाचा सोन्याचा दात, एकाच्या पायात लोखंडी पट्टी, एकाच्या बोटात बायकोचं नाव कोरलेली अंगठी. चौथा सगळ्यात खाली, पालथा. मनगटं मागे तारेने बांधलेली. तार हाडात रुतलेली आहे. कवटीच्या मागे एक भोक. पण त्याआधी जबडा बंदुकीच्या दस्त्याने फोडला होता असं नेरेआ म्हणाली. माझ्या नाकाकडे पाहत म्हणाली.

"डीएनए?" मावशीने विचारलं. शब्द पाठ करून आली होती.

"मावशी, इतक्या जुन्या हाडांतून बापाकडची रेघ मिळते किंवा आईकडची. ह्या दोघांचे बाप सख्खे भाऊ, आया सख्ख्या बहिणी. दोन्ही रेघा तंतोतंत एक. तुमच्या गावाने विज्ञानाला हरवलंय."

मग तिने डावा हात उचलला. करंगळी आणि अनामिका मुळापासून नाहीत. टोकं गोल, भरून आलेली. मरायच्या कितीतरी आधी गेलेली बोटं.

"गिरणीचं जातं," मावशी म्हणाली. "पंधराव्या वर्षी. आई सांगायची."

"मला पटतंय," नेरेआ म्हणाली. "न्यायाधीशाला तुमची साक्ष चालणार नाही, तुम्ही वारस. छत्तीसच्या आधीचा एक कागद हवा, की बोटं ह्याला नव्हती आणि त्याला होती."

असा कागद असतो. सैन्यभरतीची यादी: एकविसाव्या वर्षी गावातल्या प्रत्येक मुलाची उंची, छाती, व्यंग. प्रांताची प्रत युद्धात जळाली. गावाची प्रत ग्रामसभेत हवी. सव्वीस सालची तेवढी नाही.

मावशी खड्ड्याच्या काठावर बसली होती. डॉक्टरने तिला सांगितलंय की हृदय वसंतापर्यंत चालणार नाही. तिने ते मला असं सांगितलं जसं कुणी बसची वेळ सांगावी.

२८ ऑक्टोबर, शनिवार

यादी सापडली. आमच्याच घरात, आजोबांच्या ट्रंकेत, मेणकापडात गुंडाळलेली.

'मार्सेलिनो लानास्पा एस्कार्तिन, घर गिरणीवाल्यांचं. उंची एक मीटर एकसष्ट. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. निरुपयोगी.' त्याखाली: 'मार्सेलिनो लानास्पा एस्कार्तिन, घर विणकरांचं. उंची एक मीटर चौऱ्याहत्तर. निर्व्यंग. योग्य.' आजोबांनीच मापं घेतली आहेत. गिरणीवाल्याच्या उंचीखाली आणि बोटांखाली निळ्या पेन्सिलीची जाड रेघ. आजोबांना महत्त्वाच्या गोष्टी अधोरेखित करायची सवय होती. माझ्या शाळेच्या निबंधांतही करायचे.

घरी का आणली असेल? जपण्यासाठीच. ग्रामसभेत उंदीर फार.

न्यायाधीशाकडे द्यायच्या आधी नीट अभ्यास करायला हवा. चार दिवस पुरतील.

१ नोव्हेंबर, बुधवार

संतांचा दिवस. सगळं गाव स्मशानात शेवंती घेऊन. मी आजोबांची शिळा पुसत होतो. मावशी पाठीमागून आली.

"मिळालं काही?"

"शोधतोय."

तिने शिळेवरचं नाव मोठ्याने, अक्षर अक्षर वाचलं आणि गेली.

११ नोव्हेंबर, शनिवार

मावशीचा कुत्रा लाझारो आज सकाळी तिच्या दाराच्या कडीला टांगलेला मिळाला. तारेने. पोट गळ्यापर्यंत फाडलेलं, आतलं सगळं उंबऱ्यावर. ती दार उघडून बाहेर आली ती त्यातच घसरून पडली. कपाळाला सात टाके. मी पोचलो तेव्हा पायरीवर बसून ती त्याची आतडी हाताने गोळा करून परत आत घालत होती, शिस्तीने, सॉसेज भरताना घालतात तशी.

"गार्डला बोलावतो," मी म्हणालो.

"बोलाव. ते म्हणतील, कुत्र्यामाणसाचं भांडण."

त्यांनी 'अज्ञात इसम' असं लिहून घेतलं. मीही दैनिकाला तेच कळवलं.

यादी ट्रंकेतच आहे. अभ्यास अपुरा आहे हे एक. शिवाय दिली तर आणखी रक्त सांडेल. मी मावशीच्याच भल्याचा विचार करतोय. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, म्हणजे ते खरं असावं.

१९ नोव्हेंबर, रविवार. दवाखाना

डाव्या हाताने वही धरून, उताणा पडून लिहितो आहे.

हंगामातली मोठी शिकार मी दर वर्षी कळवतो. रानडुकरांच्या वाटेवर बंदूकधारी शंभर-शंभर पावलांवर उभे करतात. मी वही घेऊन कुणाच्यातरी बाजूला. आज चिठ्ठ्यांत माझ्या शेजारची जागा गिनेसला लागली. चिठ्ठ्या त्याच्याच टोपीत होत्या.

धुकं होतं. कुत्री अजून दरीत भुंकत होती. तो त्याच्या जागेवरून माझ्याकडे चालत आला.

"सापडली ना यादी?"

"कुठली?"

"एवारिस्तो, तुला खोटं बोलता येत नाही. तू लिहू शकतोस, बोलू शकत नाहीस." तो परत वळला. "जाळून टाक. म्हातारी मरेल बर्फ पडायच्या आत, मग कुणालाच काही नको असेल."

"आणि तिचा बाप?"

"सत्त्याऐंशी वर्षं पडलाच होता ना."

त्याने जागेवर जाऊन माझ्याकडे तोंड केलं, बंदूक उचलली आणि मला गोळी घातली. डुक्कर नव्हतं, पान हललं नव्हतं. मला आवाज ऐकूच आला नाही. उजवी मांडी कुणीतरी कुऱ्हाडीने मागे खेचली असं वाटलं आणि मी बसलो. पँटला भोक लहान होतं, मागचं मोठं. त्यात माझी मूठ मावली. ती मी कोंबलीही, कारण आतून गरम काहीतरी ठोके देत बाहेर येत होतं. हाडाचा एक पांढरा तुकडा बोटाला लागला. माझाच, पण ओळख नव्हती.

गिनेस धावत आला. पट्टा काढला, मांडीला आवळला, गुडघा रोवून. पट्टा जुना, पितळी बकलाचा.

"हलू नको. दात आवळ. मारायचं असतं तर वर धरली असती."

"आभारी आहे," मी म्हणालो. मग शुद्ध गेली.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

संपादकाचा फोन. "एवारिस्तो, लार्बिएलला शिकारीत कुणीतरी जखमी झालंय. पंधरा ओळी दे."

"तो मीच आहे."

"मग तर उत्तमच. प्रत्यक्षदर्शी."

पंधरा ओळी दिल्या. 'दाट धुक्यात दिशाभूल होऊन दुर्दैवी अपघात.' गार्डला जबाबही तोच दिला. खाली सही केली. खटला, साक्षी, गावाचे दोन तट: हे कुणाला हवंय? एका ओळीने मिटत असेल तर.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

मावशी आली. कपाळाला पट्टी, दोन बस बदलून, हातात कालचा अंक. खाटेशी खुर्ची ओढली आणि बातमी मोठ्याने वाचली, सबंध.

"छान लिहितोस," ती म्हणाली. "फक्त रक्तस्राव घालायचा राहिला."

मी तिच्या हातातला अंक काढून घेतला.

"ट्रक चौकात उभा होता. आई विहिरीपाशी, मी तिच्या पोटात. निळ्या सदऱ्याच्या म्होरक्याने विचारलं, मार्सेलिनो लानास्पा कोणता? तुझा आजोबा म्हणाला, दोन आहेत. म्होरक्या म्हणाला, हवा तो दे, मला एकच टिक करायची आहे. तुझा आजोबा आत गेला, वही घेऊन आला. निळ्या पेन्सिलीने खूण केली आणि पान त्याच्यापुढे धरलं. बुटका, दोन बोटं नसलेला. त्यांनी बापाला दळताना उचललं. अंगावर पीठ होतं, म्हणून काळोखातही दिसत राहिला, आई सांगायची."

"गल्लत..." मी म्हणालो.

"विणकराच्या घरी एक मेंढीही नव्हती, एवारिस्तो. गिरणीवाल्यांकडे पाट होता, बाग होती. मेलेल्याचे कागद जिवंताला घालायला कारकून लागतो. कारकुनाला बाग लागते."

खिडकीखाली रुग्णवाहिका आली, गेली.

"मग तुम्ही माझ्याकडे का आलात? वेस्कात वंशावळीवाले कितीतरी आहेत."

"आहेत. त्यांच्या घरी ती ट्रंक नाही."

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

मी आजोबांच्या मांडीवर बसून अक्षर गिरवलं. ते मटार सोलून माझ्या तोंडात एकेक टाकायचे. चिमणी खिडकीत आपटून पडली तर पाणी पाजायचे.

आज ही पहिली पानं परत वाचली. ऑक्टोबरमध्ये हे लिहिणारा गृहस्थ मठ्ठ होता असं म्हणून सुटका करून घेता येईल. तो मठ्ठ नव्हता. त्याला बाग आवडायची.

२७ नोव्हेंबर, सोमवार

कुबड्यांवर घरी. ट्रंक उघडली. न्यायालयात जाण्याआधी गिनेसला निरोप दिला की ये, बंदूक आणलीस तरी चालेल. बंदूक न आणता आला.

मी यादी आणि दोन्ही खतं टेबलावर ठेवली. तो चष्मा लावून वाचत राहिला. बागेच्या खतावर बराच वेळ थांबला.

"केलेल्या सेवेबद्दल," तो म्हणाला.

"हो."

"दर नाताळला बाप तुमच्याकडे अख्खी तंगडी घेऊन यायचा. डुकराची, मिठातली. आम्ही घरी कातडी खायचो. मी विचारायचो कारकुनाला का? मुकाट्याने जायचा, परत येऊन मला पट्ट्याने फोडायचा. आईलाही. पंचवीस वर्षं, एवारिस्तो. मला वाटायचं दारू." त्याने निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "ह्याने एकाला मारलं आणि एकाला पाळलं."

"दुपारी मी हे न्यायाधीशाला देतोय. सोबत माझं शपथपत्र. आजोबांच्या नावानिशी. गिरणी जाईल कदाचित. बाग तर जाईलच."

"आणि मांडी?"

"गार्डचा जबाब बदलतोय. दैनिकालाही दुरुस्ती पाठवली, सहा ओळी. तू मला पाहून गोळी घातलीस असं लिहिलंय."

मला वाटलं, तो आता टेबल उलथेल. त्याने चष्मा घडी करून खिशात घातला.

"बापाच्या जागची ती रेघ," तो म्हणाला, "ती पण मिटते का ह्याच्यात?"

"मिटते. लानास्पा बेस्कोस होशील."

"एकाहत्तराव्या वर्षी." दारात थांबून म्हणाला, "कुत्रा मीच मारला. ते पण लिही."

लिहिलं.

१६ डिसेंबर, शनिवार

मावशी दवाखान्यात. न्यायाधीश रजेवर. बर्फ.

९ जानेवारी, मंगळवार

हुकूम आला. चौथा सांगाडा: मार्सेलिनो लानास्पा एस्कार्तिन, हुआकिनचा मुलगा, घर गिरणीवाल्यांचं. मृत्यूचं कारण: बंदुकीच्या गोळ्या. मी तो मावशीला खाटेशी वाचून दाखवला. ती म्हणाली, "परत वाच." चार वेळा वाचला. मग डॉक्टरला म्हणाली, "मला शनिवारी स्मशानात जायचंय. शनिवारनंतर तुम्ही म्हणाल तसं."

१३ जानेवारी, शनिवार

उणे सहा. सगळं गाव आलं, छत्तीस साली ज्यांच्या घरांच्या खिडक्या बंद होत्या तेही. पेटी इतकी लहान, की मावशीने मांडीवर घेतली, चाकाच्या खुर्चीत. कुणालाही देईना. स्मशानाच्या भिंतीत थडग्यांचे कोनाडे आहेत, त्यातल्या ओब्दुलियाच्या कोनाड्यात ती स्वतःच्या हाताने सरकवली आणि हात आतच ठेवून थोडा वेळ बसली. मग काढला. गवंड्याने विटा लावल्या.

पाद्री पुस्तक मिटत होता तेवढ्यात पाठीमागून घाव ऐकू आला.

गिनेस माझ्या आजोबांच्या कोनाड्यापुढे उभा होता, हातात पाच किलोचा घण. पहिल्या घावाला शिळेचा खालचा कोपरा गेला. दुसऱ्याला क्रूस. संगमरवराची कपची उडून माझ्या गालाला लागली, रक्त आलं. पाद्री धावला, गिनेसने त्याला कोपराने बाजूला केलं तसा तो शेवंतीत बसला. कुणी पुढे झालं नाही. गिनेसने माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या खटल्याची तारीख मार्चमध्ये आहे," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलं नाही.

"त्यात हेही घाल." तिसरा घाव, शिळा मधोमध तडकली. आता फक्त वरची पट्टी उरली होती: बेनिग्नो ओलिवान. त्याने घण डोक्यावर नेला.

"गिनेस," मावशी म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "नाव राहू दे."

"मावशी, हाच तर..."

"म्हणूनच. नाव फोडलंस तर दहा वर्षांनी लोक विचारतील इथे कोण आहे, आणि कुणीतरी म्हणेल, असेल बिचारा कुणी. राहू दे. वाचता आलं पाहिजे."

घण खाली आला, जमिनीवर, हळू. गिनेसचा श्वास धुरासारखा येत होता. तो रडत होता की नाही हे थंडीत सांगता येत नाही. सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं.

मावशीने खुर्ची त्या शिळेपाशी न्यायला सांगितली. मीच ढकलली, एका कुबडीवर, वाकडीतिकडी. तिने गवंड्याला हाक मारली.

"छिन्नी आहे ना? ह्या नावाखाली घर पण कोर. कारकुनाचं."

गवंडी माझ्याकडे पाहू लागला. शिळा माझी, परवानगी माझी. मी मान हलवली.

"कोर," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, हिशेबी, अगदी साध्या आवाजात: "उगाच दुसऱ्या कुणाशी गल्लत नको."